विकेटी आमच्या, कप्तानी तुमची : बाळू पालवणकर आणि मेरिटचा खोटा हिशेब

आरक्षणाचा विषय निघाला की एक टोमणा हमखास येतो. "मग क्रिकेटच्या टीममध्येही आरक्षण ठेवा की! बघू मग किती मॅच जिंकता!" झरीच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीवर हा टोमणा ऐकू येतो, परभणीच्या कॉलेजच्या कट्ट्यावर ऐकू येतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर दर पंधरा दिवसांनी नव्या फोटोसह फिरतो. टोमणा मारणाऱ्याला वाटते की आता समोरच्याची बोलती बंद झाली. आमची अनेक पोरे खरोखरच गप्प बसतात, कारण या प्रश्नाचे उत्तर शाळेच्या पुस्तकात नाही, टीव्हीवरच्या समालोचनात नाही आणि क्रिकेटवरच्या सिनेमातही नाही.

उत्तर इतिहासात आहे, आणि ते टोमणा मारणाऱ्याला झोंबणारे आहे. भारतीय क्रिकेटमध्ये आरक्षण होतेच. अगदी पहिल्या दिवसापासून होते. फक्त ते आमच्यासाठी नव्हते. आणि त्याच क्रिकेटमध्ये मेरिटवर पहिल्यांदा उभा राहिलेला थोर गोलंदाज अस्पृश्य होता. त्याचे नाव बाळू पालवणकर.

आधी आरक्षणाचे पाहू. १९११ साली भारताचा पहिला सर्वसमावेशक संघ इंग्लंडला गेला. कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज. १९३२ साली लॉर्ड्सवर भारत पहिली कसोटी खेळला. त्या दौऱ्याचा कर्णधार कोण? पोरबंदरचे महाराज. संपूर्ण दौऱ्यातल्या प्रथम श्रेणी सामन्यांत या महाराजांनी मिळून धावा काढल्या २. होय, दोन. कसोटीच्या दिवशी त्यांनी समजूतदारपणे सी. के. नायडूंकडे नेतृत्व सोपवले, एवढे श्रेय त्यांना देऊ. १९३६ सालचा कर्णधार कोण? विजयानगरमचे महाराजकुमार. तीन कसोटींत त्यांच्या धावा ३३. ही निवड कोणत्या मेरिटवर झाली? कोणत्या परीक्षेत ते पहिले आले होते? ते जन्माला कुठे आले, एवढीच त्यांची गुणवत्ता होती. जन्मावरून जागा मिळणे म्हणजे आरक्षण, अशीच तुमची व्याख्या असेल तर भारतीय क्रिकेटची कप्तानी ही या देशातली सर्वात जुनी राखीव जागा आहे. तेव्हा कुणी म्हटले नाही की मेरिटचा खून झाला.

आता बाळूंचे पाहू.

पालवणकर कुटुंब मूळ कोकणातले, चांभार जातीचे. बाळूंचा जन्म धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत. कुटुंब पुण्याला आले आणि बाळू शाळा अर्धवट सोडून कामाला लागले. काम कोणते? पुण्यातल्या पारशांच्या क्रिकेट क्लबात मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचा. पगार महिन्याला ३ रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास इंग्रजांच्या पूना क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये. जाळी बांधायची, खेळपट्टी आखायची, टेनिस कोर्टावर चुना टाकायचा आणि साहेबांना सरावाला कोणी नसेल तेव्हा चेंडू टाकायचा. बॅट मात्र हाती मिळायची नाही. फलंदाजी ही साहेबांची मिजास, चेंडू टाकणे ही गड्याची मेहनत, अशी ती सरळ विभागणी होती.

जे. जी. ग्रेग नावाचा नावाजलेला इंग्रज फलंदाज रोज लवकर येऊन बाळूंच्या चेंडूंवर सराव करायचा. असे सांगतात की बाळूंनी आपल्याला बाद केले की दर वेळी तो आठ आणे द्यायचा. महिन्याला ४ रुपये मिळवणाऱ्या पोराला आठ आणे म्हणजे काय, याचा हिशेब वाचकांनी करावा. आठ वेळा बाद केले की महिन्याचा पगार सुटतो. ही त्या काळातली भारतीय क्रिकेटमधली खरी व्यावसायिक कमाई. कोणत्याही अकादमीशिवाय, कोणत्याही प्रशिक्षकाशिवाय, तासन्‌तास चेंडू टाकून बाळूंनी डाव्या हाताची फिरकी कमावली. टप्पा, उंची, वेग, वळण, सगळे घामातून आले.

हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण 'लगान' सिनेमाने नेमके उलटे सांगितले. त्यातला कचरा आठवा. अस्पृश्य, हात अधू, तोंडातून शब्द नाही. त्याचा चेंडू वळतो तो त्याच्या अपंग हातामुळे. त्याने कधी सराव केलेला नाही, त्याला स्वतःलाही आपले कसब माहीत नाही. गावचा नायक ते शोधून काढतो, त्याच्या वतीने गावासमोर भाषण करतो आणि त्याला संघात घेतो. कचऱ्याचे प्रेरणास्थान बाळू पालवणकर आहेत, असे कौतुकाने लिहिले जाते. आम्हाला यात कौतुक दिसत नाही. ज्या माणसाने हजारो चेंडू टाकून कला कमावली, त्याच्या कलेला सिनेमाने शारीरिक अपघात करून टाकले. ज्या घरातला विठ्ठल पालवणकर पुढे 'माझे क्रीडा-जीवन' नावाचे आत्मचरित्र मराठीत लिहितो, त्या घराच्या प्रतिनिधीला सिनेमाने मुका करून टाकला. दलिताचे गुण दाखवायचे, पण ते त्याने कमावलेले नसावेत. दलिताला न्याय द्यायचा, पण तो त्याने मागितलेला नसावा. नावही पाहा ना, कचरा! मेरिटची मालकी हातातून जाऊ नये म्हणून केवढी ही धडपड.

पुन्हा पुण्याकडे येऊ. बाळूंची कीर्ती वाढली तशी पुण्याच्या हिंदू संघापुढे पंचाईत उभी राहिली. गोऱ्यांना हरवायचे तर हा गोलंदाज हवा. पण हा तर अस्पृश्य! तोडगा निघाला आणि तो तोडगा म्हणजे संपूर्ण जातिव्यवस्थेचे एका मैदानावर मांडलेले प्रात्यक्षिक आहे. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू सगळे हाताळणार, कारण तो चेंडू विकेट देतो. चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर. त्यांचा चहा वेगळ्या मातीच्या मडक्यात. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या जागी. तोंड धुवायला पाणी हवे असेल तर ते दुसऱ्या अस्पृश्य गड्याने घालायचे.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला शुद्ध-अशुद्धतेचे सिद्धांत शिकवले गेले. जाड जाड पुस्तके होती. पण कातडी चेंडूचा हा एक दाखला त्या सगळ्या सिद्धांतांना पुरून उरतो. चेंडू कातड्याचा, तो शिवणाऱ्याची जात कोणती हे सगळ्यांना ठाऊक, टाकणाराही त्याच जातीचा. तो चेंडू हाताला बाटवत नाही, पण त्याच हाताने दिलेला कप बाटवतो. म्हणजे विटाळ हा धर्माचा प्रश्न नाहीच. विटाळ हा फायद्या-तोट्याचा प्रश्न आहे. जिथे आमच्या श्रमाचा फायदा आहे तिथे विटाळ नाही. जिथे बरोबरीने बसायचा प्रश्न येतो तिथे विटाळ आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी त्या काळीच सुचवले होते की ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर जेवायला काय हरकत आहे. पंगत मात्र लवकर बदलली नाही.

पुढे कुटुंब मुंबईला आले. बाळू रेल्वेत नोकरीला लागले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदू विरुद्ध युरोपियन हा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०. युरोपियनांच्या १९१ आणि १०२. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला आणि त्या विजयात बाळूंचा वाटा मोठा होता. वर्तमानपत्रांनी जल्लोष केला. एका अस्पृश्याला संघात घेतले म्हणून हिंदू समाज किती उदार झाला, याचे गोडवेही गायले गेले. पाहा, विकेट घेतल्या बाळूंनी आणि अभिनंदन झाले त्यांना घेणाऱ्यांचे! हा रिवाज अजून मोडलेला नाही.

१९११ च्या इंग्लंड दौऱ्याचे आकडे तर बोलके आहेत. संघ २३ सामने खेळला. त्यातले ६ जिंकला, १५ हरला. महाराज कर्णधार असल्याने त्यांचे लक्ष मेजवान्यांकडे जास्त आणि सामन्यांकडे कमी होते. अशा हरणाऱ्या संघात, खांदा दुखत असताना, बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. लेस्टरशायरला हरवताना एका सामन्यात ११ बळी. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ बळी. याच दौऱ्यात त्यांचा भाऊ शिवराम याने सॉमरसेटविरुद्ध नाबाद ११३ धावा करून संघाला एका विकेटने सामना जिंकून दिला. महाराजांच्या संघाला जे थोडे विजय मिळाले त्यात चांभाराच्या या दोन पोरांचा हात होता. बाळूंची प्रथम श्रेणीतली एकूण कामगिरी ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१. क्रिकेट कळणाऱ्या कुणालाही हा आकडा दाखवा आणि त्याच्या तोंडाकडे पाहा.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. त्या सत्काराच्या मानपत्राचा मसुदा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका वीस वर्षांच्या तरुणाने केला होता, असे नोंदवले गेले आहे. त्या तरुणाचे नाव भीमराव आंबेडकर. बाबासाहेब जगाला माहीत होण्याआधी बाळू पालवणकर हे अस्पृश्य समाजाचे नायक होते, हे लक्षात ठेवा. महाडच्या चवदार तळ्याला अजून सोळा वर्षे होती.

आता मुख्य मुद्दा. असा हा गोलंदाज, संघातला सर्वात ज्येष्ठ, सर्वात अनुभवी. त्याला हिंदू संघाची कप्तानी कधी मिळाली? कधीच नाही. एकदाही नाही. एम. डी. पै कर्णधार झाले. पै हे सरळ माणूस. आपल्या जातीच्याच मंडळींनी केलेल्या सत्कारात त्यांनी सांगून टाकले की हा मान खरे तर बाळूंना मिळायला हवा होता. म्हणजे ज्याला खुर्ची मिळाली तोच सांगतो की ती माझी नाही. तरी निवड समितीच्या कानावर ते पडले नाही.

१९२० साली तर कळस झाला. बाळूंनाच वगळले. पै आजारी होते, तरी कप्तानी पालवणकरांच्या घरात जाऊ दिली नाही. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी काय केले? रडले नाहीत, अर्ज-विनंत्या केल्या नाहीत. संघातून बाहेर पडले आणि जाहीर निवेदन काढले की आम्हाला डावलण्याचे कारण आमचा खेळ नाही, आमची जात आहे. मित्रांनो, ही गोष्ट १९२० ची आहे. आमच्या मते भारतीय क्रिकेटमधला तो पहिला जातिविरोधी सत्याग्रह आहे आणि तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. परिणाम झाला. पुढच्या सामन्याला बाळूंना उपकर्णधार केले, आणि पैंनी काही वेळ मैदानाबाहेर जाऊन नेतृत्व त्यांच्या हाती दिले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला, युरोपियनांना हरवले आणि सवर्ण प्रेक्षकांनी त्याला खांद्यावर उचलून घेतले.

खांद्यावर घेतले, हे सगळे लिहितात. ते आधी संघ सोडून गेले होते, हे कुणी लिहीत नाही. पण खांद्यावर घेतले ते त्या बहिष्कारानंतर, हा क्रम विसरता कामा नये. हृदयपरिवर्तन आपोआप होत नाही. विकेट घेऊन झाले नाही, धावा काढून झाले नाही, पैंच्या भलेपणाने झाले नाही. आमच्याशिवाय खेळून दाखवा म्हटल्यावर झाले.

इथे आमचे काही मित्र नाक मुरडतात. ते म्हणतात, बाळूंचे कौतुक कशाला करता? ते तर बाबासाहेबांच्या विरोधात गेले! हा आक्षेप टाळून चालणार नाही. होय, गेले. १९३२ साली बाळू स्वतंत्र मतदारसंघाच्या विरोधात होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. पुढे मुंबई महापालिकेला ते हिंदू महासभेतर्फे उभे राहिले आणि पडले. १९३७ साली मुंबई कायदेमंडळाच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना खुद्द बाबासाहेबांविरुद्ध उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेब निवडून आले. बाळू १९५५ च्या जुलैमध्ये वारले.

या इतिहासाचे दोन सोपे वापर होतात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला वापर सवर्ण उदारमतवाद्यांचा. ते बाळूंना 'चांगला दलित' म्हणून वापरतात. पाहा, एवढा छळ सोसला तरी कडवट झाला नाही, हिंदू समाजातच राहिला! दुसरा वापर आपल्यातल्या काहींचा. ते बाळूंना 'चांभारांचा माणूस, काँग्रेसचा माणूस' म्हणून सोडून देतात. दोन्ही वापरांत काँग्रेसने १९३७ साली टाकलेला डावच जिंकतो. महाराविरुद्ध चांभार उभा करायचा, प्रसिद्ध नाव वापरायचे आणि मते फोडायची, हा तो डाव होता. नव्वद वर्षे होत आली तरी आपण त्याच डावाच्या हिशेबाने आपली माणसे वाटून घेणार का? महार, मांग, चांभार, ढोर म्हणून नायकांची वाटणी करणे म्हणजे मनूने आखलेल्या रेषेवर आपणच चुना टाकणे.

आमचे म्हणणे वेगळे आहे. बाळूंचे राजकारण एका बाजूला होते, पण त्यांचे आयुष्य दुसऱ्या बाजूची साक्ष देते. नीट पाहा. बाबासाहेबांची मागणी काय होती? आमचे प्रतिनिधी आमच्या मतांनी निवडले जावेत. जातीय निवाड्याने अस्पृश्यांसाठी ७१ जागा दिल्या, स्वतंत्र मतदारसंघासह. पुणे कराराने जागा वाढवून १४८ केल्या, पण मतदारसंघ संयुक्त केला. आकडा दुप्पट झाला म्हणून लोक आजही कराराचे कौतुक करतात. पण निवडणार कोण, हा प्रश्न फिरवला गेला. राखीव जागेवर अस्पृश्य उमेदवार बसेल, पण कोणता अस्पृश्य बसेल हे बहुसंख्य सवर्ण मतदार ठरवतील.

हे क्रिकेटच्या भाषेत मांडा. संघात जागा मिळाली, पण निवड समिती त्यांची. बाळूंना संघात जागा होती. विकेटी घ्यायचा अधिकार होता. कप्तान कोण, हे ठरवणाऱ्या समितीत त्यांचा माणूस नव्हता, त्यांच्या समाजाचे मत नव्हते. म्हणून १७९ बळी घेणारा माणूस आयुष्यभर दुसऱ्याने लावलेल्या क्षेत्ररचनेत गोलंदाजी करत राहिला. संयुक्त मतदारसंघ म्हणजे काय, हे समजायला कायद्याचे पुस्तक नको, बाळूंची कारकीर्द पुरेशी आहे. बाबासाहेब १९३२ साली जो धोका सांगत होते तो बाळूंनी पूना क्लबाच्या दिवसांपासून भोगला होता. त्यांनी सही दुसरीकडे केली, पण त्यांच्या धावफलकाने पुरावा आपल्या बाजूने ठेवला. म्हणून आम्ही त्यांना सोडणार नाही आणि त्यांची पूजाही करणार नाही. आम्ही त्यांना वाचणार आहोत.

हीच गोष्ट समुद्रापलीकडे कशी घडली, तेही पाहा. अमेरिकेत बास्केटबॉल हा खेळ व्यावसायिक होत होता तेव्हा काळ्या खेळाडूंना गोऱ्या संघांत जागा नव्हती. १९२३ साली रॉबर्ट डग्लस या काळ्या माणसाने न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये 'रेनेसाँ' नावाचा संघ उभा केला. खेळाडू काळे आणि मालकही काळा. हॉटेलात खोली मिळत नव्हती, खाणावळीत जेवण मिळत नव्हते, तरी हा संघ गावोगाव फिरून खेळला आणि १९३९ साली शिकागोत झालेली व्यावसायिक बास्केटबॉलची जागतिक स्पर्धा गोऱ्या संघांना हरवून जिंकला. त्यानंतर अकरा वर्षांनी, ३१ ऑक्टोबर १९५० रोजी, अर्ल लॉइड हा अमेरिकेच्या मुख्य बास्केटबॉल लीगमध्ये खेळणारा पहिला काळा खेळाडू ठरला. आधी स्वतःचा संघ होता, स्वतःचा मालक होता, स्वतःचा तिकीटबारीचा पैसा होता. बरोबरीचे दार त्यानंतर उघडले. बाळूंच्या वाट्याला तसा संघ आला नाही. खेळाडू आमचा, जिमखाना त्यांचा, कप त्यांचा, कपातला चहाही त्यांचा.

बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला, तो याच अर्थाने आपला संघ होता. भाड्याने दुसऱ्यासाठी गोलंदाजी करायची नाही, आपला संघ उतरवायचा. १९३७ च्या निवडणुकीत दोन माणसांची लढत नव्हती. एका बाजूला आपला संघ होता आणि दुसऱ्या बाजूला त्यांच्या संघातला आपला गोलंदाज होता.

आणि संघात आरक्षण ठेवले तर संघ हरतो म्हणणाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेकडे पाहावे. वर्णभेदाचा तो देश. तिथल्या क्रिकेट मंडळाने २०१६ साली राष्ट्रीय संघासाठी उद्दिष्ट ठरवले की हंगामाच्या सरासरीने संघात किमान सहा खेळाडू गोरेतर असावेत आणि त्यांतले किमान दोन काळे आफ्रिकी असावेत. 'कोटा'वाला म्हणून टेंबा बवुमाची किती टर उडवली गेली, अगदी आपल्याकडच्या समाजमाध्यमांवरही! २०२५ च्या जूनमध्ये त्याच बवुमाच्या नेतृत्वाखाली दक्षिण आफ्रिकेने लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीची जागतिक स्पर्धा जिंकली. कागिसो रबाडाने त्या सामन्यात ९ बळी घेतले. लॉर्ड्सच त्याच जागी, जिथे १९३२ साली आपण महाराजांच्या राखीव कप्तानीचा दौरा घेऊन गेलो होतो. टोमणा मारणाऱ्यांना आता विचारा, आरक्षणाने कुणाचा संघ हरला?

आता दूरचे पुरे, आपल्या गावचे बोलू. आमच्या झरीच्या भागात, परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या गावागावांत, दिवाळीनंतर टेनिस बॉलच्या स्पर्धा लागतात. बॅनर लागतो, चषक ठेवला जातो, पुढारी उद्घाटनाला येतात. या स्पर्धा आम्ही वर्षानुवर्षे पाहतो आहोत. काटेरी झुडपे तोडून मैदान साफ कोण करते? काळ्या मातीची खेळपट्टी पाणी मारून, चोपून कोण बसवते? फक्कीने रेषा कोण आखते? आणि स्टेजवर, माइकवर, पंचाच्या जागी, बक्षीस देणाऱ्याच्या खुर्चीवर कोण असते? प्रत्येकाने आपापल्या गावात हे मोजून पाहावे. एका गावात, नाव घेत नाही, वस्तीच्या पोरांनी संघाचे नाव 'भीमसैनिक' लिहिले तर आयोजकांनी सांगितले की वाद नको, नाव बदलून आणा. पोरे चांगली होती, संयोजकांना ती हवी होती, पण नाव नको होते. चेंडू चालतो, कप चालत नाही. पुण्याचा तो तोडगा सव्वाशे वर्षांनी आमच्या शिवारात पोचला आहे.

सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण महाराष्ट्रात आहे. कागदावर ते सर्वांसाठी खुले आहे. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्रासाठी मान्यताप्राप्त स्पर्धा लागते, स्पर्धेसाठी मैदान, बूट, प्रवासखर्च आणि निवड समितीत ओळख लागते. ऊसतोडीला आई-बाप गेलेल्या पोराकडे यातले काय आहे? आणि पोरींचे तर विचारूच नका. वस्तीतली पोरगी मैदानावर उतरली तर तिला दोनदा हिशेब द्यावा लागतो, एकदा जातीचा आणि एकदा बाईपणाचा. हे चित्र आपल्या घरातूनही बदलायला हवे. दुसऱ्याला दोष देऊन इथे सुटका नाही.

म्हणून आमचे चार मुद्दे आहेत.

एक. मैदान ही मागणी म्हणून पुढे आणा. रस्ता, नाली, समाजमंदिर यांच्यासारखीच. ग्रामसभेत ठराव मांडा, गावच्या जमिनीवर सर्वांसाठी खुले मैदान राखून ठेवायला लावा आणि ठरावाची नक्कल हातात घेतल्याशिवाय उठू नका.

दोन. जयंतीच्या वर्गणीतला काही हिस्सा डीजेतून काढून खेळाच्या साहित्याला द्या. एक मॅट, दोन किट, लेदर बॉल, व्हॉलीबॉलची जाळी, बास्केटबॉलची एक रिंग. हे साहित्य मंडळाच्या नावावर असावे, एखाद्या पुढाऱ्याच्या उपकारावर नसावे. आणि त्यावर पोरींचा वेळ ठरलेला असावा.

तीन. स्पर्धेत संघ उतरवाल तेव्हा आयोजन समितीत जागा मागा. पंच कोण, निवड कोण करणार, बक्षीस कोणाच्या हस्ते, हे ठरवणाऱ्या बैठकीत आपला माणूस हवा. तो नसेल तर विठ्ठल आणि शिवराम यांचा १९२० चा रस्ता मोकळा आहे. संघ काढून घ्या आणि का काढला ते लिहून जाहीर करा.

चार. क्रिकेट मंडळाने आणि राज्य संघटनांनी खेळाडू, निवडकर्ते, प्रशिक्षक आणि पदाधिकारी यांची सामाजिक आकडेवारी जाहीर करावी. जात नाहीच म्हणणाऱ्यांना आकड्यांची भीती का वाटावी?

पुढच्या वेळी कुणी टपरीवर विचारले की क्रिकेटच्या टीममध्ये आरक्षण ठेवायचे का, तर आपल्या पोरांनी गप्प बसू नये. त्याला पोरबंदरच्या महाराजांच्या २ धावा सांगाव्यात आणि बाळू पालवणकरांचे १७९ बळी सांगावेत. मग विचारावे, यातला राखीव जागेवरचा कोण होता?

जयभीम! नमो बुद्धाय!